मताधिकाराला नकार : फ्रान्स्वा गिझो यांच्या मंत्रिपदाचे प्रकरण (१८४०–१८४८)

प्रकरणाचा विषय

फ्रान्समधील प्रत्येक गावाला प्राथमिक शाळा असली पाहिजे, असा कायदा १८३३ मध्ये ज्या मंत्र्याने संमत करून घेतला, त्याच मंत्र्याने १८४७ मध्ये डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि मध्यम कर भरणारे व्यापारी यांना मत देण्याचा प्रस्ताव फेटाळून लावला. त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत त्याचे मंत्रिमंडळ गेले, पाठोपाठ राजाही गेला, आणि अडीच लाखांहून कमी असलेली मतदारांची संख्या एका फर्मानाने नव्वद लाखांच्या पुढे पोहोचली. हा मंत्री म्हणजे फ्रान्स्वा गिझो. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीतील अनेक गोष्टी स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेच्या आहेत. येथे मात्र एकाच निर्णयाचा मागोवा घेतला आहे. हा निर्णय कसा घडला, तो बदलण्याची संधी कितीदा आली, आणि प्रत्येक वेळी ती का दवडली गेली, हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

गिझो यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७८७ रोजी दक्षिण फ्रान्समधील नीम शहरात एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीतील दहशतीच्या काळात, एप्रिल १७९४ मध्ये, त्यांच्या वकील वडिलांचा गिलोटिनवर शिरच्छेद करण्यात आला. मुलगा तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन जिनिव्हाला गेली आणि तेथील कडक, अभ्यासू वातावरणात तिने त्यांना वाढवले. ही आई पुढे आयुष्यभर मुलाजवळच राहिली. रस्त्यावर उतरलेल्या जमावाच्या हाती सत्ता गेली की काय होते, याचे उत्तर या घराला पुस्तकातून शोधावे लागले नव्हते. गिझो यांच्या पुढच्या राजकारणाविषयी कठोर शब्द लिहिण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेणे मला न्यायाचे वाटते.

१८१२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते पॅरिस विद्यापीठात आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक झाले. क्रांतीनंतर पुन्हा गादीवर आलेल्या बूर्बों राजघराण्याच्या राजवटीत त्यांनी आधी सरकारी पदे सांभाळली. पण १८२० नंतर राजवट उजवीकडे झुकली तेव्हा ती पदे गेली आणि १८२२ मध्ये त्यांची व्याख्यानेही बंद पाडण्यात आली. १८२८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा युरोपीय संस्कृतीच्या इतिहासावरील त्यांची व्याख्याने ऐकायला सभागृह तुडुंब भरू लागले. याच काळातील एक तपशील या प्रकरणात विशेष महत्त्वाचा आहे. १८२७ मध्ये पात्र मतदारांची नावे यादीत नोंदवली जावीत, अधिकाऱ्यांनी काहीतरी खुसपट काढून ती गाळू नयेत, यासाठी एक संस्था स्थापन झाली होती आणि गिझो तिच्या अध्यक्षस्थानी होते. यादीतील एकेक नाव म्हणजे सत्तेवरचा एकेक अंकुश, हे त्यांना त्या वेळी पक्के ठाऊक होते.

जानेवारी १८३० मध्ये नॉर्मंडीतील लिझ्यू मतदारसंघातून ते लोकप्रतिनिधी सभेवर निवडून आले. जुलै महिन्यात पॅरिसने बूर्बों राजा दहावा चार्ल्स याला पदच्युत केले आणि ऑर्लेआं घराण्यातील लुई-फिलिप गादीवर आला. गिझो लगेचच गृहमंत्री झाले; पुढे ऑक्टोबर १८३२ पासून, मधले थोडे खंड वगळता, १८३७ पर्यंत ते शिक्षणमंत्री होते.

त्या खात्यातील त्यांचे काम मी थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढे जे घडले त्याची मोजपट्टी त्यातच सापडते. २८ जून १८३३ च्या कायद्याने प्रत्येक गावाने एकट्याने किंवा शेजारच्या गावांबरोबर मिळून प्राथमिक शाळा चालवणे, शिक्षकाला राहण्यास जागा आणि वर्षाला किमान २०० फ्रँक वेतन देणे, तसेच प्रत्येक जिल्ह्याने शिक्षक-प्रशिक्षण शाळेची सोय करणे बंधनकारक झाले. शिक्षण सक्तीचे नव्हते, सर्वांना मोफतही नव्हते. फक्त गरिबांच्या मुलांना फी माफ होती. मुलींच्या शाळांविषयीचा भाग मसुद्यातून वगळला गेला, ही या कायद्यातील मोठी उणीव होती. धर्मगुरूंना स्थानिक समितीत स्थान देऊन गिझो यांनी कॅथलिक विरोध सौम्य केला. कायदा संमत झाल्यावर त्यांनी देशभरातील सुमारे ३९,००० शिक्षकांना पत्र पाठवले. त्यात शिक्षकाच्या कामाचे मोल आणि त्याच्याकडून असलेल्या अपेक्षा सांगितल्या होत्या. त्याच वर्षी शेकडो निरीक्षक गावोगावच्या शाळा पाहण्यासाठी धाडले. काही निरीक्षकांना शाळा म्हणून दाखवण्यात आलेली जागा ओलसर, अंधारी खोली होती आणि गुरुजी तेथेच आपला दुसरा धंदा करत होते. प्राथमिक शाळांतील मुलांची संख्या १८३२ मधील सुमारे १९ लाखांवरून १८४७ पर्यंत सुमारे ३५ लाखांवर गेली.

आधी परिस्थितीची पाहणी करायची, शक्य तेवढी तडजोड करायची आणि एक पाऊल टाकून पुढच्या पावलाची वाट मोकळी ठेवायची, अशी ही कार्यपद्धती होती. मताधिकाराच्या प्रश्नात यातले काहीच दिसले नाही.

२९ ऑक्टोबर १८४० रोजी गिझो परराष्ट्रमंत्री झाले. नावाला पंतप्रधानपद वृद्ध मार्शल सूल्त यांच्याकडे होते, पण मंत्रिमंडळाची खरी सूत्रे गिझो यांच्या हाती होती. सप्टेंबर १८४७ मध्ये ते पदही त्यांच्याकडे आले. त्याआधीच्या दशकात मंत्रिमंडळे एकामागून एक कोसळत होती. हे मंत्रिमंडळ सात वर्षांहून अधिक टिकले. ब्रिटनशी युद्धाचा धोका टळला, १८४१ मध्ये कारखान्यांतील बालमजुरीवर मर्यादा घालणारा कायदा झाला, १८४२ मध्ये रेल्वेमार्गांच्या जाळ्याचा कायदा झाला. गिझो स्वतः आर्थिक बाबतीत निष्कलंक होते. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

समस्या

१८३१ च्या कायद्यानुसार वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषालाच मत होते, आणि निवडणूक लढवायची तर ५०० फ्रँक कर भरणे आवश्यक होते. आरंभी मतदारांची संख्या १,६६,००० च्या आसपास होती. संपत्ती वाढत गेली तशी ती वाढत १८४७ पर्यंत २,४०,००० च्या घरात आली. देशाची लोकसंख्या साडेतीन कोटी होती. मतदारसंघ इतके लहान होते की अनेक ठिकाणी दोन-अडीचशे मते मिळवणारा उमेदवार निवडून येई. एवढ्या मतदारांना नावानिशी ओळखता येते, आणि कोणाच्या पुतण्याला टपाल खात्यात जागा हवी आहे व कोणाच्या गावाला पूल हवा आहे, हेही कळते. गृहमंत्री दुशातेल यांचे खाते या ज्ञानाचा पुरेपूर उपयोग करत असे.

सभेच्या आतही तीच रचना होती. ४५९ सभासदांपैकी जवळजवळ दोनशे जण सरकारी अधिकारी होते. न्यायाधीश, सेनाधिकारी, अभियंते असे हे सभासद आपले पद सांभाळून सभेत बसत आणि ज्या सरकारच्या हाती त्यांची बढती होती त्याच सरकारच्या बाजूने मत देत. गिझो यांचे बहुमत खरे होते, निवडणुका कायद्यानुसार झाल्या होत्या. पण ते बहुमत देशाच्या मनाची खबर देत नव्हते. मला वाटते, प्रकरणाची गाठ नेमकी येथे आहे. गिझो हे सभेतील मोजणीवर विश्वास ठेवणारे प्रामाणिक संसदपटू होते, आणि मोजणीचे साधनच सदोष असल्याचे मान्य करायला ते तयार नव्हते.

यात आणखी एक विसंगती होती आणि तीच शेवटी जिवावर बेतली. पॅरिसमधील सुव्यवस्थेचा मुख्य आधार राष्ट्रीय रक्षकदल हा होता. वाणी, कापडवाले, नोटरी, छोटे कारखानदार असे हे नागरिक स्वखर्चाने गणवेश शिवून घेत आणि दंगा झाला की दुकान बंद करून, बंदूक घेऊन आपल्या तुकडीत हजर होत. १८३० च्या दशकातील उठाव मोडून काढताना त्यांनी रक्त सांडले होते. त्यांतील बहुसंख्यांना मताचा अधिकार नव्हता. राज्य वाचवण्याइतके ते विश्वासू होते, मत देण्याइतके नव्हते.

गिझो यांची भूमिका स्वार्थातून आलेली नव्हती, तिच्यामागे सिद्धान्त होता. सार्वभौमत्व ना राजाचे, ना जनतेचे. ते विवेकाचे आहे, आणि राज्यकारभारात विवेकाने भाग घेण्याची क्षमता ज्याच्यापाशी आहे त्यालाच राजकीय अधिकार आहे, असे ते मानत. ज्यांना मत हवे त्यांनी श्रमाने आणि काटकसरीने संपन्न व्हावे, या अर्थाचे त्यांचे उद्गार पुढे अर्धवट उद्धृत होऊन त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. परंतु क्षमता ही वाढणारी गोष्ट आहे. शाळा काढल्या की ती वाढते, आणि शाळा त्यांनीच काढल्या होत्या. स्वतःच्या सिद्धान्ताशी ते एकनिष्ठ राहिले असते तर दर काही वर्षांनी मतदारयादीचा उंबरठा खाली आणणे त्यांना क्रमप्राप्त होते. क्षमतेचे माप म्हणून त्यांनी २०० फ्रँकांचा आकडा धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता शिक्षणाच्या आधारावर मर्यादित भर घालण्याचा. ज्यूरीच्या यादीत ज्यांची नावे आधीच होती असे डॉक्टर, वकील, नोटरी यांना कराची अट न लावता मत द्यावे, अशी सूचना फेब्रुवारी १८४२ मध्ये सभेपुढे आली. ज्या माणसाला आरोपीच्या जीवनमरणाचा निवाडा करता येतो त्याला सभासद निवडता येणार नाही, असे म्हणणे अवघड होते. तरीही सूचना ४१ मतांनी पडली. याच चर्चेत कवी आणि सभासद लामार्तीन यांनी सरकारला सुनावले, की जागेवरून न हलणे एवढेच राजकारण असेल तर त्यासाठी मुत्सद्द्याची गरज नाही, रस्त्याकडेचा दगड पुरे. त्याच महिन्यात अधिकारी-सभासदांवर निर्बंध आणण्याची सूचना केवळ ८ मतांनी फेटाळली गेली होती. स्वतःच्या बाजूच्या लोकांनाही काहीतरी बदलावे असे वाटत होते, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते.

दुसरा पर्याय मार्च १८४७ मध्ये सभासद द्युव्हर्जिए द ओरान यांनी मांडला. कराची अट २०० वरून १०० फ्रँकांवर आणावी आणि शिक्षितांचा वर्ग यादीत घालावा, असा त्याचा गाभा होता. त्यामुळे सुमारे दोन लाख मतदार वाढले असते. सूचक स्वतः राजेशाहीचे समर्थक होते आणि एके काळी गिझो यांच्याच वर्तुळात वावरले होते. शत्रूच्या छावणीतून आलेली ही सूचना नव्हती.

तिसरा पर्याय अधिकारी-सभासदांच्या संख्येला आळा घालण्याचा होता. सभासद रेम्युझा यांनी तोही १८४७ मध्ये पुन्हा मांडला. यात एकही नवा मतदार वाढत नव्हता. फक्त सभेची प्रतिष्ठा सुधारली असती. माझ्या मते सरकारला परवडणारा सर्वांत स्वस्त पर्याय हाच होता.

चौथा पर्याय होता पद सोडण्याचा. राजा सुधारणेच्या ठाम विरोधात होता. सत्तरी उलटलेल्या लुई-फिलिपचा थोरला मुलगा आणि वारस १८४२ मध्ये गाडीच्या अपघातात मरण पावला होता, नातू अजून लहान होता, आणि होऊ घातलेला राजपालक म्हणजे दुसरा मुलगा लोकप्रिय नव्हता. अशा राजाला कोणताही बदल म्हणजे पायाखालची जमीन सरकल्यासारखा वाटत होता. मतभेद नोंदवून बाजूला होणे आणि दुसऱ्या कोणाला सुधारणा करू देणे गिझो यांना शक्य होते. अडचण अशी, की त्यांचा मतभेद नव्हताच. राजा आणि मंत्री एकमेकांच्या मताला दुजोरा देत राहिले आणि तिसरा आवाज दरबारात पोहोचेनासा झाला.

पाचवा पर्याय काहीही न करण्याचा होता. तोच निवडला गेला.

प्रत्यक्षात काय केले

ऑगस्ट १८४६ च्या निवडणुकीत सरकारला सुमारे शंभर मतांची आघाडी मिळाली. इतके भक्कम बहुमत त्या राजवटीत क्वचितच कोणाला मिळाले असेल. सुधारणा करायची तर हीच वेळ होती, कारण बळ असताना दिलेली सवलत उदारपणाची ठरते. गिझो यांनी उलटा अर्थ लावला : देशाने आपल्याला कौल दिला आहे, मग बदलायचे कशासाठी?

मार्च १८४७ च्या चर्चेत त्यांनी द्युव्हर्जिए यांच्या प्रस्तावाला साफ नकार दिला. सार्वत्रिक मताधिकाराचा दिवस कधीच येणार नाही, असेही सभेला ठणकावून सांगितले. प्रस्ताव १५४ विरुद्ध २५२ मतांनी पडला. रेम्युझा यांचा प्रस्तावही पडला. थोड्याच दिवसांत सरकारच्या बाजूचेच एक सभासद उभे राहिले आणि त्यांनी विचारले, की सात वर्षांत काय केले? आणि उत्तरही त्यांनीच दिले : काही नाही, काही नाही, काही नाही.

बाहेर परिस्थिती बिघडत होती. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला होता, १८४६ चे गव्हाचे पीक बुडाले, भाकरी महागली. जानेवारी १८४७ मध्ये बुझांसे येथे धान्यावरून दंगल झाली. कारखाने आणि रेल्वेची कामे मंदावली. त्यातच जुलैमध्ये दोन माजी मंत्र्यांना खाणीच्या परवान्याच्या लाच प्रकरणात सरदार सभेने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, दोषी ठरवले. ऑगस्टमध्ये सरदार सभेतील एका ड्यूकने पत्नीचा खून केला आणि खटल्याआधीच विष घेतले. यातील कशाचाही मताधिकाराशी सरळ संबंध नव्हता. पण उपाशी माणसाने सत्ताधारी वर्गाकडे पाहिले तेव्हा त्याला हे चित्र दिसले.

सभेत दार बंद झाल्यावर विरोधकांनी दुसरी वाट धरली. राजकीय सभांवर बंधने होती, खासगी मेजवान्यांवर नव्हती. म्हणून वर्गणी भरून मेजवानी आयोजित करायची आणि जेवणानंतर ‘शुभेच्छा’ म्हणून भाषणे करायची, अशी मोहीम निघाली. पहिली मेजवानी ९ जुलै १८४७ रोजी पॅरिसच्या शातो-रूज येथे झाली. सुमारे बाराशे लोक जमले. वर्षअखेरपर्यंत देशभर सुमारे सत्तर मेजवान्या झाल्या. ओदिलों बारो यांच्यासारख्या राजनिष्ठ विरोधकांनी सुरू केलेल्या या मोहिमेत हळूहळू प्रजासत्ताकवादी पुढे आले आणि काही ठिकाणी राजाच्या आरोग्यासाठी प्याला उचलणेही बंद झाले. मध्यममार्गी लोकांना रिकाम्या हाताने परत पाठवले, की त्यांच्या मागून कोण येते, हे सरकारला सहा महिने दिसत होते.

२८ डिसेंबर १८४७ रोजी अधिवेशनाच्या उद्घाटनाच्या भाषणात राजाने ‘शत्रुत्वाच्या किंवा आंधळ्या मनोविकारांनी’ चळवळ भडकवली जात असल्याचे म्हटले. सभागृहात समोर बसलेले शंभराहून अधिक सभासद त्या मेजवान्यांना गेलेले होते. राजाच्या तोंडी घातलेले हे शब्द मंत्रिमंडळाचे होते आणि ते अनाठायी होते. २७ जानेवारी रोजी विचारवंत आणि सभासद तॉकव्हिल यांनी सभेला इशारा दिला, की आपण ज्वालामुखीवर झोपलो आहोत. सभेने तो इशारा फारसा मनावर घेतला नाही.

१२ फेब्रुवारी १८४८ हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा दिवस आहे, असे मला वाटते. राजाच्या भाषणाला उत्तर म्हणून मांडलेल्या आभारप्रदर्शक ठरावावर साल्लांद्रूझ या सरकारच्याच बाजूच्या सभासदाने उपसूचना आणली. मंत्रिमंडळाने स्वतः पुढाकार घेऊन सौम्य, शहाणपणाची सुधारणा करावी, एवढेच तिच्यात होते. तपशील, आकडा, मुदत काहीच नव्हते. मित्रानेच सन्मानाने बाहेर पडण्यासाठी दार उघडून दिले होते. गिझो यांच्या उत्तरात पूर्वीचा ताठा नव्हता. सुधारणेच्या प्रश्नावर आपला पक्ष एकत्र राहावा यासाठी प्रयत्न करू आणि ते जमले नाही तर पक्ष फोडण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवू, असे ते म्हणाले. त्यातून आशा वाटावी असे काहीतरी निघत होते, हाती लागेल असे काहीच निघत नव्हते. उपसूचना १८९ विरुद्ध २२२ मतांनी पडली. दीड वर्षापूर्वीची शंभराची आघाडी ३३ वर आली होती.

त्यानंतर प्रश्न सभेच्या हातातून सुटला. पॅरिसच्या बाराव्या विभागातील मेजवानीवर सरकारने बंदी घातली होती. ती २२ फेब्रुवारीला घेण्याचे ठरले. दोन्ही बाजूंच्या समजूतदार लोकांनी एक तोडगाही काढला होता : पाहुण्यांनी यायचे, पोलीस अधिकाऱ्याने कायदाभंगाची नोंद करायची, लोकांनी शांतपणे घरी जायचे आणि बंदी कायदेशीर आहे की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. २१ तारखेच्या सकाळी वृत्तपत्रांत मिरवणुकीचा कार्यक्रम छापून आला. त्यात राष्ट्रीय रक्षकदलाने निःशस्त्र पण गणवेशात, तुकडीवार उभे राहावे असे आवाहन होते. रक्षकदलाला बोलावण्याचा अधिकार फक्त सरकारचा असल्याने मंत्रिमंडळाने तोडगा मोडला आणि मेजवानी व मिरवणूक दोन्ही रोखण्याचे जाहीर केले. बहुतेक विरोधी सभासदांनी त्या रात्री माघार घेतली. सरकारला वाटले, संकट टळले.

परिणाम

२२ तारखेला पावसात विद्यार्थी आणि कामगार मादलेन चर्चच्या चौकात जमले. ठिकठिकाणी चकमकी झाल्या, पण लष्कराला न आवरण्यासारखे काही नव्हते. २३ च्या सकाळी राष्ट्रीय रक्षकदलाला पाचारण करण्यात आले, आणि निकाल तेथेच लागला. एकामागून एक तुकड्यांनी ‘सुधारणा झालीच पाहिजे’, ‘गिझो चालते व्हा’ अशा घोषणा दिल्या. काही ठिकाणी त्या लष्कर आणि जमाव यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. ज्या वर्गाच्या जोरावर राज्य उभे होते तोच समोर आल्याचे पाहून राजा खचला. दुपारी गिझो यांनी सभेत येऊन स्वतःच सांगितले, की राजाने नव्या मंत्रिमंडळासाठी माजी पंतप्रधान मोले यांना बोलावले आहे.

संध्याकाळी मध्यमवर्गीय वस्त्यांत आनंद पसरला. रस्त्यांतून ‘दिवे लावा’ अशा आरोळ्या उठल्या आणि खिडक्याखिडक्यांत दिवे लागले. रात्री मशाली घेतलेला एक जथा बुलव्हार दे काप्युसीनवर, गिझो यांच्याच परराष्ट्र खात्यासमोर, सैनिकांच्या रांगेला भिडला. एक गोळी सुटली, मागोमाग सगळ्या रांगेने गोळीबार केला. पन्नासच्या आसपास माणसे मेली. काही प्रेते गाडीत घालून मशालींच्या उजेडात रात्रभर पॅरिसमधून फिरवण्यात आली. सकाळपर्यंत शहरात जागोजागी अडथळे उभे राहिले होते. मोले यांना मंत्रिमंडळ जमवता आले नाही. विरोधी नेते तिएर आणि बारो यांना बोलावले गेले, पण वेळ निघून गेली होती. २४ तारखेला लुई-फिलिपने नातवाच्या नावे गादी सोडली आणि त्याच संध्याकाळी हंगामी सरकारने प्रजासत्ताक घोषित केले.

५ मार्चच्या फर्मानाने एकवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना मत मिळाले. गिझो वेशांतर करून बेल्जियममार्गे लंडनला पोहोचले. त्यांची वृद्ध आईही तेथे आली आणि त्याच मार्चच्या अखेरीस वारली. १८४९ मध्ये त्यांनी काल्व्हादोस जिल्ह्यातून नव्या मतदारांसमोर उमेदवारी केली आणि ते पराभूत झाले. पुढची पंचवीस वर्षे त्यांनी नॉर्मंडीतील व्हाल-रिशे येथील घरात इतिहास आणि आठवणी लिहिण्यात घालवली. १२ सप्टेंबर १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

१८४२ ची संधी दवडणे मी समजू शकतो. मंत्रिमंडळ नवे होते, युद्धाचे सावट नुकतेच दूर झाले होते. १८४६ नंतरचा नकार मात्र समर्थनीय वाटत नाही. शंभराची आघाडी हाती असताना ज्यूरीच्या यादीतील शिक्षितांना मत देणे आणि अधिकारी-सभासदांची संख्या मर्यादित करणे, या दोन्ही गोष्टी एकाच अधिवेशनात उरकता आल्या असत्या. त्यातील पहिली गिझो यांच्या क्षमतेच्या सिद्धान्ताशी तंतोतंत जुळत होती. दुसरीने पक्षातील काही लोक नक्की दुखावले असते, पण ‘सभा विकत घेतलेली आहे’ हा विरोधकांचा सर्वांत प्रभावी आरोप बोथट झाला असता.

यासाठी त्यांना उदाहरण शोधत दूर जावे लागले नसते. १८४० मध्ये ते लंडनमध्ये राजदूत होते. ब्रिटनने १८३२ मध्ये मताधिकार वाढवून क्रांती टाळली होती, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८४६ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी आयुष्यभराचे धोरण सोडून धान्यावरील संरक्षक कर रद्द केला, त्यापायी स्वतःचा पक्ष फोडला आणि पद गमावले. गिझो पील यांचे चाहते होते. पुढे त्यांनी पील यांच्यावर ग्रंथही लिहिला. पक्षाची एकजूट राखण्यासाठी देशाची मागणी अडवायची की देशासाठी पक्ष पणाला लावायचा, हा पेच १२ फेब्रुवारीला त्यांच्यासमोर होता, आणि पील यांनी निवडलेली बाजू त्यांना ठाऊक होती.

२१ फेब्रुवारीच्या निर्णयाबद्दल मी तितका कठोर नाही. रक्षकदलाला परस्पर बोलावणारा कार्यक्रम छापून आल्यावर कोणत्याही सरकारला गप्प बसणे कठीण होते. तरीही न्यायालयाचा तोडगा शाबूत ठेवून केवळ मिरवणूक रोखता आली असती. त्याहून मोठी चूक त्याआधीची आहे. रक्षकदलाचा मूड काय आहे, याची खातरजमा मंत्रिमंडळाने तोपर्यंत केली नव्हती. शाळांची स्थिती जाणून घेण्यासाठी देशभर निरीक्षक धाडणाऱ्या मंत्र्याने राजधानीतील दुकानदारांना काय वाटते हे विचारण्याची तसदी घेतली नाही, याची मला सर्वाधिक खंत वाटते.

सुधारणेने राजेशाही वाचली असती का, याचे उत्तर खात्रीने देता येत नाही. दोन लाख नव्या मतदारांमुळे भाकरी स्वस्त झाली नसती, बेकार कामगारांना काम मिळाले नसते, आणि प्रजासत्ताकवाद्यांचे समाधान तर मुळीच झाले नसते. परंतु २३ फेब्रुवारीच्या सकाळी सैनिक आणि जमाव यांच्या मध्ये जे लोक येऊन उभे राहिले, त्यांच्यापैकी कित्येकांची नावे तोवर मतदारयादीत आलेली असती, आणि त्यांना सरकारविरुद्ध घोषणा देण्याचे तितके सबळ कारण उरले नसते.